ढोलाचा ठेका व मनोदेवता

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं दुपारीं आम्ही घरीं शोस्टाकोविच ह्या रशियन संगीतरचनाकाराची सातवी सिंफनी ऐकत बसलों होतों. 'लेनिनग्राड' ह्या नांवानें ती प्रसिद्ध आहे, व ती पुरी ऐकावयास सव्वा तास लागतो. आमचा सहा वर्षांचा नातू कोपऱ्यांत लांकडी ठोकळ्यांशीं खेळत होता. पहिल्या भागाचा आरंभ तारवाद्यांच्या भरदार, प्रशस्त सुरांनीं झाला. पुढें सारें निवळत गेलें. एकटें व्हायोलिन उंचावर रेंगाळून विरलें. आणि मग फार दूरवरून, ऐकूं येतो कीं भास होतो असें वाटावें इतक्या हलक्या आवाजांत, लहान लष्करी ढोल वाजूं लागला. हा ढोल म्हणजे बँडमध्यें गळ्यांत अडकवून वाजवितात तो. त्याचा आवाज आपल्या ताशाच्या जातीचा, कोरडा व खणखणीत. त्या ठेक्यावर एक साधी, गुणगुणण्याजोगी चाल आली. ती तिसऱ्यांदां आली तोंच आमच्या नातवानें ठोकळे टाकले, स्वयंपाकघरांतून एक ताटली व चमचा पैदा केला, आणि दिवाणखान्यांत कवाईत सुरू केली. आम्हांस हंसूं आलें. खरें सांगावयाचें तर आमचाहि पाय खालीं ठेका धरूं लागला होता.

दहा-बारा मिनिटांनीं तीच चाल सारा वाद्यवृंद छाती फुटेपर्यंत ओरडून म्हणत होता. नातवाची कवाईत केव्हांच थांबली होती. ताटली छातीशीं धरून तो आमच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे कोण आलेत?"

त्या वेळीं आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. मुलाला कांहींतरी सांगून आम्हीं गप्प केलें. पण प्रश्न मनांतून गेला नाहीं.

ह्या चालीची बांधणी मोठी विलक्षण आहे. बारा वेळां ती येते, आणि बाराहि वेळां ती जवळजवळ तीच असते. आपल्याकडील गवई एखादी बंदिश घेऊन बसतो तेव्हां तिचे पदर आंतून उलगडीत जातो. पुनरावृत्ति हें तेथें वाढीचें साधन असतें, आणि दहाव्या वेळीं समेवर येणारी बंदिश पहिल्या वेळची राहिलेली नसते. येथें तसें कांहीं नाहीं. चाल वाढत नाहीं, तिला वाजविणारे मात्र वाढतात. प्रथम व्हायोलिनांच्या तारा बोटांनीं छेडून व गजाच्या लांकडी पाठीनें त्यांवर टिचक्या मारून ती निघते, जणूं चवड्यांवर चालत येते. मग बांसरी ती उचलते. मग ओबो हें आपल्या सनईच्या कुळांतलें वाद्य ती म्हणूं लागतें, आणि जाड्या आवाजाचें दुसरें एक फुंकवाद्य त्याचें प्रत्येक वाक्य साहेबाच्या मागें चालणाऱ्या कारकुनाप्रमाणें निमूट पुन्हां म्हणतें. येथें बहुतेक ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्मित येतेंच. हळूहळू कर्णे येतात, तुताऱ्या येतात, एका ढोलाचे अनेक ढोल होतात. ठेका एक क्षणहि थांबत नाहीं. आपण कोणत्या घटकेपासून घाबरलों हें मागाहून कितीहि आठवून पाहिलें तरी सांपडत नाहीं. स्मित कोठें संपलें व भय कोठें सुरू झालें ह्यांच्यामध्यें रेघ नाहीं.

चाल मुद्दाम सामान्य ठेवलेली आहे. तिच्यांत पायरीपायरीनें उतरत येणारी जी स्वरपंक्ति आहे ती लेहार याच्या 'मेरी विडो' ह्या १९०५ सालच्या हलक्याफुलक्या संगीतिकेंतील एका गाण्याशीं जुळते, व ती संगीतिका हिटलरच्या विशेष आवडीची होती. राव्हेलच्या 'बोलेरो'ची (१९२८) ही नक्कल आहे असें म्हणून नाकें मुरडणारे टीकाकारहि पुष्कळ झाले. हंगेरीचा थोर रचनाकार बार्टोक याला तर ती इतकी असह्य झाली कीं १९४३ सालच्या आपल्या वाद्यवृंदासाठींच्या 'कन्सर्टो'मध्यें त्यानें तिची उघड टवाळी केली, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मतें बार्टोकचे कान बरोबर होते. चाल बाजारीच आहे. परंतु ती बाजारी नसती तर आमच्या नातवानें ताटली आणली नसती.

आतां मूळ प्रश्न. वक्ता आपणांस चिथावतो तेव्हां त्याचें म्हणणें तपासून पाहण्याची सोय असते. त्याच्या वाक्यांना अर्थ असतो, आणि अर्थ खोटा ठरवितां येतो. वाद्यवृंदाच्या सुरांना असा अर्थ नसतो. ते आपल्या छातींत धडधड उत्पन्न करतात, डोळ्यांत पाणी आणतात, आपण एका मोठ्या कार्यांत सामील आहों असें वाटावयास लावतात. पण कोणतें कार्य, हें सांगत नाहींत. मग ह्या क्षोभाची नैतिक किंमत काय धरावी? टॉल्स्टॉयनें १८८९ सालीं पुऱ्या केलेल्या 'क्रॉइट्झर सोनाटा' ह्या कथेंत एका खुनी नवऱ्याच्या तोंडून हाच आक्षेप घेतला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, लष्करी चाल वाजली व शिपाई चालूं लागले तर त्या सुरांचें काम झालें. पण जेथें करावयाचें कांहींच नाहीं तेथें नुसती चेतना उठवून सोडून देणें धोक्याचें आहे. प्लेटोनेंहि आपल्या आदर्श नगरांत कोणते स्वर राहूं द्यावे व कोणते हांकलावे ह्याचा विचार केला तो उगाच नव्हे. ज्यांना संगीत कळत नाहीं असे लोक संगीताला निरुपद्रवी समजतात. ज्यांना तें कळतें त्यांना त्याची भीति वाटत आली आहे.

ही भीति केवळ तात्त्विक नाहीं. एप्रिल १९४२ मध्यें, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, बर्लिनमध्यें फुर्टव्हेंगलरच्या नेतृत्वाखालीं बेथोव्हेनची नववी सिंफनी झाली. मानवमात्राच्या बंधुत्वाचें गान जिच्या शेवटीं आहे ती हीच. तिचें चित्रण शिल्लक आहे. अखेरीस गोबेल्स पुढें येऊन संचालकाशीं हस्तांदोलन करतो. सभागृहांतील लोकांचे चेहरे पाहिले तर त्यांचें भारावलेपण खोटें होतें असें म्हणण्याची सोय नाहीं. वादन उत्तम होतें, भावना खरी होती. आणि दोन्हींचा कोणासहि कांहीं उपयोग झाला नाहीं.

त्याच वसंत ऋतूंत, बर्लिनहून कित्येक शें कोस ईशान्येस, दुसऱ्या एका तालमीचा आरंभ होत होता. जून १९४१ मध्यें जर्मन फौजा रशियांत शिरल्या, आणि ८ सप्टेंबरला लेनिनग्राडचे जमिनीवरून जाणारे सर्व मार्ग तुटले. तो वेढा २७ जानेवारी १९४४ पर्यंत, सुमारें ८७२ दिवस, राहिला. शोस्टाकोविच त्याच शहराचा. चौतिसाव्या वर्षीं तो संगीतविद्यालयाच्या छपरावर आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांत दाखल झाला. त्याचें शिरस्त्राण घातलेलें चित्र पुढें अमेरिकेंतील 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलें. पहिले तीन भाग त्यानें लेनिनग्राडांतच लिहिले. चौथा, सरकारनें त्याला विमानानें बाहेर काढल्यावर, कुइबिशेव्ह येथें डिसेंबर १९४१ च्या अखेरीस पुरा केला. ५ मार्च १९४२ रोजीं तेथें पहिला प्रयोग झाला. स्वरलेखनाच्या सूक्ष्मचित्रांची फीत तेहरान व कैरो ह्या मार्गानें पश्चिमेस पोहोंचली, आणि १९ जुलैस तोस्कानिनीनें ती न्यूयॉर्कहून रेडिओवर ऐकविली.

परंतु जिच्या नांवानें ती लिहिली त्या नगरींत ती वाजवावयास वादकच उरले नव्हते. त्या हिंवाळ्यांत काम न करणाऱ्या माणसास दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, म्हणजे आपल्या जुन्या मापानें पावणेअकरा तोळे, आणि त्यांतहि पीठ थोडें व भेसळ फार. वेढ्यांत मेलेल्या नागरिकांचा सरकारी आंकडा सहा लक्षांवर आहे. पुढील अभ्यासकांनीं तो आठ-दहा लक्षांपर्यंत नेला आहे. शहरांत राहिलेल्या एकमेव रेडिओ-वाद्यवृंदाचा संचालक कार्ल एलियासबर्ग यानें मार्चच्या अखेरीस वादकांना बोलाविलें तेव्हां पंधरा-एक जण येऊं शकले, आणि फुंकवाद्यें वाजविणाऱ्यांच्या अंगांत फुंकण्याइतका दम नव्हता. तालीम थोड्याच मिनिटांत थांबवावी लागली. वादकांना शिधा वाढवून देण्यांत आला. आघाडीवरच्या पलटणींतून कर्णेवाले मागविले. ज्या ढोलावर सारी इमारत उभी आहे तो वाजविणारा झावदात ऐदारोव ह्याच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, तो मेला असें एलियासबर्गला कळविण्यांत आलें होतें. एलियासबर्ग प्रेतांच्या खोलींत पाहावयास गेला, आणि तेथें त्याला ऐदारोवचीं बोटें हललेलीं दिसलीं.

ही हकीकत वाचल्यापासून ती चाल आम्हांला पूर्वीसारखी ऐकतां येत नाहीं. शत्रूच्या पावलांचा आवाज त्या संध्याकाळीं कोणीं काढला? ज्याला त्या शत्रूनें प्रेतांत नेऊन टाकलें होतें त्यानें. रावणाचें काम करणारा नट रावणाचा आवेश आणतो हें आपल्याला परिचित आहे. पण रावणानेंच उपाशी मारलेल्या माणसानें, त्याच वेळीं रावण वेशीबाहेर उभा असतां, रावणाचीं पावलें हुबेहूब वाजवावीं, आणि एकदांहि ठेका चुकूं देऊं नये, ह्याला कलेच्या इतिहासांत दुसरें उदाहरण आम्हांला आठवत नाहीं.

प्रयोग ९ ऑगस्ट १९४२ रोजीं झाला. लेनिनग्राड आघाडीचा सेनापति गोवोरोव्ह यानें अगोदर जर्मन तोफांच्या ठाण्यांवर मारा करून त्यांना गप्प केलें. सभागृहांतील झुंबरें लावण्यांत आलीं. आणि ध्वनिक्षेपकांवरून तें वादन शहरांत तसेंच जर्मनांच्या खंदकांपर्यंत ऐकविण्यांत आलें. श्रोते रडले, आणि शेवटीं फार वेळ उभे राहून टाळ्या वाजवीत राहिले.

आपल्या रसशास्त्राच्या जाणकारांपुढें येथें एक गांठ पडते. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं जीं सात विघ्नें सांगितलीं आहेत त्यांत प्रेक्षकानें स्वतःच्याच सुखदुःखाच्या आधीन असणें हें एक आहे. ज्याच्या घरीं आज प्रेत पडलें आहे त्याला नाटकांतला शोक करुणरस म्हणून चाखतां येत नाहीं. त्याला तो शोकच होतो. शोक 'माझा' नव्हे, 'शत्रूचा' नव्हे, 'तटस्थाचा' नव्हे, असा सर्वसाधारण झाला पाहिजे, तेव्हां तो रस होतो. मग लेनिनग्राडच्या त्या श्रोत्यांना काय झालें? त्यांच्यांतील प्रत्येकाच्या घरीं प्रेत पडून गेलें होतें, पुष्कळांना तें उचलण्याचीहि ताकद राहिली नव्हती. शास्त्राप्रमाणें पाहिलें तर त्या सभागृहांत सहृदय श्रोता एकहि नव्हता, आणि बर्लिनच्या सभागृहांत ते खच्चून भरले होते.

परंतु शास्त्रकार आपल्या टीकाकारांपेक्षां शहाणा असतो. ह्याच विघ्नावर उपाय म्हणून अभिनवगुप्तानें वाद्यें, गायन व शृंगारलेला मंडप हीं सांगितलीं आहेत. म्हणजे ज्याचें मन स्वतःच्या दुःखांत रुतलें आहे त्याला तेथून उचलून बाहेर आणण्याची शक्ति त्यानें सुरांकडेच दिली. आम्ही पूर्वीं ही गोष्ट रंगभूमीच्या सजावटीपैकीं समजून सोडून देत असूं. त्या लावलेल्या झुंबरांचें वर्णन वाचलें तेव्हां ती आम्हांस पहिल्यानें नीट कळली. उपाशी माणसाला आपलें दुःख आपलें एकट्याचें, मुकें व किंचित् लाजिरवाणें वाटत असतें. भाकरीच्या तुकड्यासाठीं आपण काय काय केलें हें त्याला कोणास सांगावयाचें नसतें. तेंच दुःख शंभर माणसें समोर बसून, धुतलेले कपडे घालून, मोठ्या आवाजांत व बिनचूक वाजवितात, तेव्हां तें त्याच्या एकट्याचें उरत नाहीं. हें साधारणीकरण नव्हे तर काय?

इतकें झाल्यावर प्रकरण संपावें असें कोणासहि वाटेल, पण तें तेथें संपलें नाहीं. १९४२ सालीं ह्या कृतीस स्टालिन पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत एका हंगामांत तिचे साठ-एक प्रयोग झाले. मग दोन राष्ट्रांची मैत्री आटली तशी तिकडची आवडहि आटली, आणि जी कालपर्यंत महाकाव्य होती ती भडक व लांबलचक ठरली. स्वर तेच होते. १९४८ सालीं शोस्टाकोविचवर पक्षाचा कोप झाला. त्या मोहिमेचा पुढारी झ्दानोव्ह हा वेढ्याच्या काळांत लेनिनग्राडचाच पक्षप्रमुख होता. १९७९ मध्यें, रचनाकाराच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, सोलोमन व्होल्कोव्ह यानें त्याच्या आठवणी म्हणून एक पुस्तक पश्चिमेंत प्रसिद्ध केलें. त्यांत असें प्रतिपादन आहे कीं, ही सिंफनी हिटलरपुरती नव्हे. स्टालिननें ज्या नगरीची नासाडी अगोदरच केली होती तिचाहि हा शोक आहे. पुस्तकाच्या खरेपणाबद्दल अभ्यासकांत कडाक्याचा वाद झाला व तो मिटलेला नाहीं. आम्ही त्यांत पडत नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें एवढेंच कीं, हें पुस्तक वाचलेल्या हजारों श्रोत्यांना त्या ढोलांत लागलीच दुसरीं पावलें ऐकूं येऊं लागलीं, रात्रीं जिन्यावर चढणारीं पोलिसांचीं पावलें, आणि त्यांचाहि थरकांप पहिल्या श्रोत्यांइतकाच खरा होता.

ह्याहून वाईट वळण २००८ सालीं आलें. त्या ऑगस्टमध्यें रशिया व जॉर्जिया यांच्यांत युद्ध झालें, आणि तें थांबून दहा दिवसहि झाले नव्हते तोंच, २१ तारखेस, दक्षिण ओसेशियाच्या पडझड झालेल्या त्स्खिनवली शहरांत रशियाचा विख्यात संचालक वालेरी गेर्गिएव्ह यानें आपला वाद्यवृंद आणून भर चौकांत जी रचना निवडली तींत हीच लेनिनग्राड सिंफनी होती. ऐकणाऱ्यांत आपलीं माणसें गमावलेले होतेच, त्यांच्या अश्रूंना आम्ही बोट लावीत नाहीं. पण ह्या वेळीं लेनिनग्राडची पुण्याई एका विजयी फौजेच्या खातीं जमा करण्यांत आली, आणि सुरांनीं तक्रार केली नाहीं. सूर तक्रार करीत नाहींत. बर्लिनमध्येंहि केली नव्हती.

तेव्हां टॉल्स्टॉयचा तो खुनी नवरा खरा, असें म्हणावें काय? आम्हांला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण ह्याच कृतीच्या पोटांत आहे. वीररसाच्या बहुतेक वाद्यरचना श्रोत्याला प्रथमपासून चांगल्या बाजूस उभें करतात. शत्रू कर्कश वाजतो, आपण मधुर वाजतों, आणि निवाडा करण्याचा त्रास कोणास पडत नाहीं. शोस्टाकोविचनें शत्रूला गोड चाल दिली. त्याला प्रथम दुबळा, चिमुकला, थोडासा हास्यास्पद असा आणला, आणि आमचा पाय त्याच्या ठेक्यावर पडूं दिला. तो मोठा झाला तो आमच्या साथीनें झाला. जेव्हां सारा वाद्यवृंद किंचाळूं लागतो तेव्हां जें भय वाटतें त्यांत बाहेरच्या राक्षसाचें भय थोडें असतें. आपण इतका वेळ मान डोलावीत होतों ही लाज त्यांत मिसळलेली असते. ही लाज कोणत्याहि पक्षाला आपल्या सोयीनें वापरतां येणार नाहीं. सेनापतींना ती नको असते. म्हणून मिरवणुकींच्या वेळीं ही रचना वाजवितात तेव्हां श्रोत्यांनीं पहिलीं पांच मिनिटें विसरून शेवटचा जयघोष तेवढा लक्षांत ठेवावा अशी अपेक्षा असते.

मात्र ही लाज सर्वांनीं वाटून घ्यावयाची नाहीं, हेंहि म्हटलें पाहिजे. ९ ऑगस्टच्या श्रोत्यांना तिच्यांतला कणहि लागू नाहीं. त्यांनीं कोणाच्या ठेक्यावर पाय धरला नव्हता. त्यांच्यासाठीं तेच सूर उचलून धरणारे होते. खुर्चींत बसून, पोटभर जेवून ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना ते सूर वेगळा हिशेब विचारतात. एकच औषध एकाला पथ्य व दुसऱ्याला जुलाब व्हावें तसा हा प्रकार आहे, आणि श्रेष्ठ कृतीनें सर्वांशीं एकच बोलावें असा आग्रह आम्हीं तरी अलीकडे सोडला आहे.

ह्या पहिल्या भागाच्या शेवटाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. किंकाळ्या थांबतात, मघां ज्यानें कारकुनाचें सोंग केलें होतें तेंच जाडें वाद्य एकटेंच फार वेळ विलाप करतें, आरंभींचे प्रशस्त सूर थकून परत येतात. आतां शांत झालें असें वाटतें न वाटतें तोंच, अगदीं दूर, त्या चालीचा एक तुकडा व ढोलाचे दोन-चार ठोके पुन्हां ऐकूं येतात, आणि भाग संपतो.

आमचा नातू अजून मधून मधून "तें ढोलाचें लावा" म्हणून मागें लागतो. आम्ही लावतों. ताटली येते, कवाईत होते. आम्ही त्याला अडवीत नाहीं. फक्त मध्येंच उठूं न देतां शेवटच्या त्या ठोक्यांपर्यंत त्याला जवळ बसवून घेतों. त्याला कंटाळा येतो, तो खुर्चीचा वेत उसवीत बसतो. गेल्या खेपेस मात्र ते ठोके आले तेव्हां त्यानें मान वर करून विचारलें, "अजून गेले नाहींत का ते?"